ओसरीतला दिवा

गुरुवार, नगर

नेवाशाहून आत्ताच आलो. ताट समोर आहे, पण डोक्यातून तो ओसरीतला दिवा जात नाही.

तिथल्या एका मावशींच्या घरात दिवे-पंखे ठरल्या वेळी आपोआप लावणारा कंट्रोलर मीच बसवला. त्यांचा मुलगा पुण्याला, तिथून मोबाईलवर सगळं बघतो. परवा काळजीनं म्हणाला, "ओसरीतला दिवा रोज संध्याकाळी लागतो, विझतो, परत लागतो. मशीन बिघडलंय, का आईला विसर पडतोय? तसं असेल तर तिला इकडेच आणतो." मी आतला रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा भाग, बदलला, प्रोग्रॅम नव्यानं टाकला. तरी तेच! म्हणून आज मुद्दाम दिवेलागणीपर्यंत थांबलो.

दिवा ठरल्या वेळी आपोआप लागला. मावशी गॅसजवळून आल्या, बटण दाबून तो बंद केला, मग स्वतःच्या हातानं लावला आणि हात जोडले.

"मावशी, हे काय?"

"आपसूक लागला, त्याला दिवा लावला म्हनत्यात व्हय? तिन्हीसांजंचा दिवा घरातल्या मानसानं लावावा."

"मग सांगायचं ना!"

"पोरानं लई हौसेनं बसवलंय. कसं सांगू?"

आणि मी शहाणा वायरी तपासत बसलो होतो.

त्या दिव्याची आपोआप लागायची वेळ तिथंच काढून टाकली. मुलाला सांगावं का? मावशींना आवडेल का? शेवटी सांगितलंच.

उद्यापासून त्याच्या मोबाईलवर ओसरीतला दिवा एकदाच लागेल. लागला की समजायचं, आईनं लावला.