अस्वलाच्या खेळासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, चष्म्यांच्या दुकानाची निवृत्त मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. धाकटी बहीण समोर बसून "आवर लवकर" म्हणते आहे. ते दडपण धरू नये. कंबरेचं हाड मोडलं असलं तरी डोकं जागेवर आहे, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द. त्यांपैकी एकात धाकटीला फक्त "शुभेच्छा" दिल्या होत्या. तो कागद तिने वाचायच्या आत फाडावा.

कलम १. काचा घासायचं यंत्र, भिंगं आणि बारीक पेचकस दुकानातल्या कारागिराला द्यावेत. नजर तपासायचा तक्ता वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. त्याच्या गॅलरीतलं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, हे त्याला आजवर दिसलेलं नाही.

कलम २. बँकेतल्या शिल्लकीतून माझा शेवटचा निरोप साधेपणाने उरकावा. भाषणं नकोत. धाकटीच्या नवऱ्याला तर मुळीच बोलू देऊ नये. तो सुरू झाला तर मी उठून बसेन.

कलम ३. हातात मावणारा जुना व्हिडिओ गेम, एक नग. सेलच्या झाकणाऐवजी चिकटपट्टी. याची हकीकत सांगणं भाग आहे.

आम्ही दोघी टायपिंगच्या क्लासला जायचो, त्याच्या खालीच गेमचं दुकान होतं. तिथे माणसाएवढं यंत्र होतं. वरून अस्वल टायर गडगडत सोडतं, खालून रंगारी शिड्या चढत जातो आणि पळवलेल्या बायकोला सोडवतो. चार मजले, की खेळ खलास. आमचं टायपिंग कधी सुधारलं नाही, ते यामुळे. पुढे तोच खेळ खिशात मावेल असा निघाला, तेव्हा दोघींनी मिळून घेतला. विजयाचं संगीत वाजलं, की सेल वाचावेत म्हणून लगेच बंद करायचो.

मग आई गेली. तिने हे घर माझ्या नावावर केल्याचं कळल्यावर धाकटी म्हणाली, "माझ्या पाठीमागे लिहून घेतलंस." मी म्हणाले, "आईला आंघोळ घालायची होती तेव्हा कुठे होतीस?" तिथे बोलणं बंद पडलं. भाचीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही दोन टोकांना उभ्या आहोत.

यंदा मी स्टुलावरून पडले. भाची आपल्या आईला जवळजवळ ओढतच घेऊन आली. धाकटी खिडकीबाहेर बघत बसली. माझे मोजे शोधताना भाचीला कपाटात गेम सापडला. तिने सेल घातले, तो टिंग करून वाजला. मी खेळायला घेतला, पण बोटं आखडलेली. रंगारी पहिल्याच मजल्यावर टायरखाली. पुन्हा तेच. शेवटी खिडकीकडून आवाज आला, "मूर्खे, शिडी! समोर शिडी आहे ना!"

इतक्या वर्षांनंतरचे तिचे हे पहिले शब्द. मी म्हणाले, "मग तूच ये." ती पलंगावर येऊन बसली, माझा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि चारही मजले चढून गेली. संगीत वाजलं. आम्ही दोघींनी एकदमच बटणाकडे हात नेला. भाची ओरडली, "अगं थांबा, बंद काय करताय?"

संगीत थांबलं. अस्वल उठलं, बायकोला पुन्हा उचललं आणि पडद्याबाहेर पळालं. पाठोपाठ नवीनच शहर उघडलं: कुलपं, किल्ल्या, गोदी, जंगल. मोठ्या यंत्रावर जे संपत होतं, ती इथे नुसती सुरुवात होती.

"म्हणजे आपण इतकी वर्षं..." धाकटी म्हणाली.

"तुझी कंजुषी."

"बटण तू दाबायचीस!"

अशा रीतीने भांडण रीतसर सुरू झालं आणि ती रोज दुपारी येऊ लागली.

कलम ४. हे घर. ते मी धाकटीच्या नावे लिहिलं होतं. आज सह्यांसाठी वकीलबाई आल्या. पहिला साक्षीदार खालचा शिंपी. दुसरा कोण, असं विचारताच धाकटी उठली. "मी."

वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळकत मिळते, त्याने साक्षीदार राहू नये. उद्या घर हातचं जाईल."

"मग माझं नाव काढा."

"अगं, घर आहे ते," मी म्हणाले. "त्याच्यासाठी तू माझं तोंड बघत नव्हतीस."

"घरासाठी कोण भांडलं? आईने लिहिलं तेव्हा मला कोणी हाकसुद्धा मारली नाही, म्हणून भांडले. आता समोर बसवलंयस, तर सही करू दे."

मी तिचं ऐकलं आणि नाव खोडलं. याची नोंद घ्यावी. असं फारसं होत नाही.

सबब घर भाचीला द्यावं. तिने आपल्या आईला, म्हणजे धाकटीला, तिथे हवं तितकं राहू द्यावं. कलम तीनमधला गेम मी आत्ताच धाकटीच्या हातात दिला आहे, तो वारशात धरू नये. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे आणि अस्वल अजून हाती लागलेलं नाही. मी टेबलावरून उठले नाही, तर तिने एकटीने पुढे जावं. माझ्यासाठी अडून बसू नये. हवं तर मला शिव्या घालत जावं.

लिहून ठेवणार: मोठी बहीण. सही केली.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी. सही केली.

साक्षीदार: धाकटी. सही केली, आणि वकीलबाई नको नको म्हणत असताना सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "माझ्यासमोर लिहिलं."

स्थळ: माझी झोपायची खोली.
तारीख: ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार.