ठकीला शिनेमा दावावा का

चंद्राच्या बा,

व्हय, गेलते. शिनेमालाच गेलते, आन् एकलीच गेलते. तुमी असता तर म्हणला असता, "म्हातारे, ह्या वयात तुला ह्ये कसलं खूळ सुचलं?" मला कशाला सुचतंय? भुशीला लेकीकडं आठ दिस इसाव्याला म्हणून आले, तर लेकीनं कामाला लावलं. भांडी घास म्हणली असती तर परवडलं असतं.

काल त्यो शिनेमा बघून चंद्राला निवाडा दिला. आन् खोटा दिला. त्यापायी आज आपली नात ठकी उंबऱ्यात माझ्याकडं पाठ करून बसलीया. सहा वर्सांची हाय, पण पाठ कशी फिरवायची ते तिला बरोबर कळतं, तुमच्यावर गेलीया. चंद्रा धुणं घेऊन गेली, जावई रेल्वेच्या गँगवर. बोलायला कुणी न्हाई. तुमी चार वर्सं झाली बोलत न्हाई, पण तुमच्या न बोलण्याची मला आधीपासनं सवय हाय. म्हणून तुमालाच लिवते. दुसरी पास बाईचं अक्षर हाय, नावं ठेवू नका.

झालं असं. लोणावळ्याच्या पत्र्याच्या थेटरात पोरांसाठी म्हणून दुपारचा खेळ लागलाय. भुशीच्या मास्तरांनी ठरवलं की समद्या पोरास्नी घेऊन जायचं. ठकी दोन दिस नुसती उड्या मारत हुती. आन् चंद्रा म्हणते, "न्हाई जायचं." का, तर त्यात राक्षस हाय.

मी म्हणलं, "आगं, समदा गाव चाललाय."

"गाव जाऊ दे. आयं, तू आधी बघून ये. त्यात भ्यायासारखं काय हाय ते मला सांग. तू म्हणशील तसं करीन."

बगा. जल्मभर माझं एक ऐकलं न्हाई, आन् आता तू म्हणशील तसं. चालत गेले मी. पाय किती दुखले ते काय सांगू? आता चढ लागला की वाटतं, हितंच बसावं आन् कुणी उचलून न्यावं.

थेटरात बाकड्यावर बसले. पांढऱ्या कपाळाची बाई एकली शिनेमाला आली म्हणून दारावरचा गडी बघाय लागला. म्हणला, "मावशी, हा पोरांचा खेळ हाय." मी म्हणलं, "मंग मला अर्ध्या तिकिटात सोड की." हसला बिचारा.

तुमी कधी बगितलं नसंल असलं. त्यात माणूसच न्हाई वो. समदी काढल्याली चित्रं. काढल्यालं हरीण पळतंय, काढल्यालं झाड हलतंय. आपल्या शाळेतल्या गुरुजीला फळ्यावर एक आंबा धड काढता येत नव्हता, आन् हितं राजाचं पोरगं हरणावर बसून कड्यावरनं उडी मारतंय. पडद्याशेजारी एक जण काठी घेऊन काय चाललंय ते मराठीतनं सांगत हुता. राक्षसानं त्या पोराची धाकटी भईण डोंगरात नेऊन कोंडलीया, आन् ह्यो तिला सोडवाय निघालाय. तलवारी काय, जळता पूल काय. मधीच राक्षस एका म्हाताऱ्या नावाड्याला नावेसकट गिळतो. मंग हरीण त्याच्या नाकात शेपूट घालतं, त्याला शिंक येती, आन् नावाडी वल्हं मारत तोंडातनं भाईर. मला लय हसू आलं. किती दिसांनी आलं.

पण मी पडद्याकडं थोडंच बगितलं. मला निवाडा करायचा हुता ना? मी पोरांकडं बघत बसले.

म्होरच्या बाकड्यावर टेसनातल्या एका हमालाची बायको हुती, मांडीवर पोरगी, ठकीएवढीच. राक्षस आला तशी पोरीनं पदरात तोंड घातलं. आई म्हणली, "आगं, शाईनं काढलाय त्याला. बघ, एक कान काढायचा इसरलेत." पोरगी एका डोळ्यानं बघाय लागली. मंग दोन्ही डोळ्यांनी. शेवटाला तीच राक्षसाला शिव्या देत हुती.

तिच्या पलीकडं एक टोपीवाला गडी दोन लेकरं घेऊन बसल्याला. धाकटं चुळबूळ करीत हुतं. त्यानं त्याच्या कानाशी तोंड नेलं आन् म्हणला, "गप बस. न्हाईतर पडद्यातनं उतरून त्यो तुला घिऊन जाईल."

लेकरू गप बसलं. एवढं गप बसलं की मला बघवंना. समदं थेटर हसलं तवाबी त्यानं मान वर केली न्हाई. नावाडी भाईर आला, त्ये त्याला ठावंच न्हाई. त्याच्यासाठी त्यो अजून आतच हाय.

उठून जावं वाटलं, पण निवाडा करायचा हुता, म्हणून बसून राहिले.

मला तुमचं शिमग्याचं सोंग आठवलं. गावात राक्षसाचं सोंग तुमच्याच घराकडं. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा, तागाची दाढी. पण सोंग नाचायच्या आधी, भर दुपारी, तुमी त्यो मुखवटा काखंत मारून ज्या ज्या घरी लहान पोरं त्या त्या घरी जायचा. पोरानं राक्षसाच्या तोंडात बोट घालायचं, गुळाचा खडा ठेवायचा. तुमी त्याच्याम्होरं मुखवटा घालायचा, काढायचा, परत घालायचा. आत कोण हाय ते पोराला कळलं की मंगच त्याला सांजच्याला म्होरं बसवायचं. मामंजींनी घालून दिल्याली रीत. एकदा गडबडीत एक घर राहिलं, तर तुमी नाचायचं थांबवून तिकडं पळालता. मी किती हसले हुते तवा. म्हणलं, "राक्षस बगा, पोराची परवानगी काढाय चाललाय."

आन् तुमच्याच लेकीला तुमी समद्यांच्या आधी दावलं हुतं. चार वर्सांची चंद्रा. दुपारभर त्या मुखवट्यावर बसून घोडा घोडा खेळली.

सांजच्याला तुमी नाचत आला आन् ती किंचाळून पडली. आठ दिस ताप. त्याच्या म्होरं लगीन होऊस्तवर ती तुमच्या ताटात जेवली न्हाई, तुमच्या मांडीवर बसली न्हाई. तुमी हात म्होरं केला की माझ्या मागं लपायची. तुमी मुखवटा पुतण्याला दिऊन टाकला. परतेक शिमग्याला ढोल वाजला की गोठ्यात जाऊन बसायचा. "मला नीट दावता आलं न्हाई," म्हणायचा. "माझंच चुकलं." तुमी मला कधी इचारलं का न्हाई वो, की त्या सांजंला चंद्रा कुणाच्या मांडीवर हुती? एकदा तरी इचारायचं.

काल घरी आले. चंद्रा दारातच. म्हणली, "सांग."

खरा निवाडा माझ्या जिभंवर हुता. शिनेमा चांगला हाय. मारामारी हाय, पण लेकरू हसतं. फकस्त शेजारी कोण बसलंय आन् कानात काय सांगतंय, त्ये बघ. एवढंच सांगायचं हुतं.

ती म्हणली, "आयं, मी भ्याले तशी ती भ्यायला नको. बा गेला, पण त्याचं ते तोंड अजून मला दिसतं."

मी म्हणलं, "नको पाठवू. लय वंगाळ हाय."

झालं. आज दुपारी मास्तर समदी पोरं घेऊन गेले. ठकी कुडापाशी उभी राहून बघत हुती. रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.

लय दमले वो मी. चालून न्हाई. लोक म्हणत्यात म्हातारी काय मजेशीर हाय, समद्यांची थट्टा करती. करते की. थट्टा करत राहिलं की कुणी दुसरं काय इचारत न्हाई.

उद्या त्या खेळाचा शेवटचा दिस हाय. तुमाला शब्द देते. सकाळी चंद्राला म्होरं बसवून समदं सांगणार. मंग ती म्हणली तर ठकीला मी नेणार, मांडीवर घेणार आन् तोंड मिटून बसणार. राक्षस आला की एवढंच सांगणार, की ह्यो काढल्याला हाय. चंद्रा मला घराभाईर काढंल, तर काढू दे. आंदर मावळातल्या आपल्या घराची वाट मला ठावं हाय.

पण तिच्या आधी तुमाला सांगायला पायजे. तुमी असताना धा येळा तोंडापातूर आलं, आन् धा येळा मी दुसरंच काय तरी बोलले.

त्या सांजंला चंद्रा माझ्या मांडीवर हुती. ढोल वाजाय लागला तशी ती इचाराय लागली, "बा कुटंय? बा कुटंय?" मला थट्टा सुचली. मी तिच्या कानात म्हणलं, "तुझ्या बाला त्या राक्षसानं खाल्लं. आता तुझी पाळी."

तुमी समदं नीट दावलं हुतं. तिला भ्या मी घातलं, आन् तुमी मरूस्तवर मी गप बसले.

चंद्राची आय