ऊन सोसत नव्हतं म्हणे

आई, बहरीनची शाळा तू का सोडलीस, हे मी बाबांना विचारलं, मावशीला विचारलं, तुझ्या जागी आलेल्या बाईंनाही विचारून झालं. फक्त तुला विचारायचं राहिलं. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली. आज वर्गात तुझाच धडा घेतला आणि घरी आल्यावर राहवेना, म्हणून बसले लिहायला. मराठीत लिहितेय, बघ. तेव्हा तू मराठीत विचारायचीस आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि तू "मला नाही कळलं" म्हणत पोळी हातातच धरून उभी राहायचीस. काय वैताग यायचा तुझा!

तो धडा म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा. शाळा अमेरिकन पुस्तकांची, त्यामुळे आपला इतिहास घरी जेवताना आणि त्यांचा शाळेत. दोनदा निवडून आला, तिसऱ्यांदा उभाच राहिला नाही, आपल्या शेतावर निघून गेला. पुस्तकात होतं की थकला होता. सगळ्यांनी तेच लिहून दिलं. मी शहाणी, वर आणखी जोडलं की फार थोर माणूस होता, त्याला सत्तेचा मोह नव्हता. वर्गात मला तुला मिस म्हणावं लागायचं आणि तू मला ओळखही दाखवायची नाहीस. त्या दिवशी मात्र पेपर माझ्यासमोर ठेवलास आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणालीस, "थोर होता हे कारण नव्हे. ती आरती झाली." वर्गाला काही कळलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग टेबलाला टेकून तू शिकवायला लागलीस. अजून दिसतेस, निळी वॉयलची साडी, पदर खोचलेला. हे कारण सांगतंय कोण? कोणाला सांगतंय? आणि चार वर्षांपूर्वीही तो थकलेलाच होता, निरोपाचं भाषणसुद्धा लिहवून घेतलं होतं, तरी राहिला ना? मग थकवा तोच असताना या खेपेला काय बदललं? केरळची एक मुलगी म्हणाली, वर्तमानपत्रं त्याला शिव्या घालत होती. एक बहरीनी मुलगा म्हणाला, तो खुर्चीतच मेला असता, तर पुढचे सगळे मरेपर्यंत चिकटून बसले असते. तू दोघांनाही बरोबर म्हणाली नाहीस की चूक म्हणाली नाहीस. पुरावा आणा म्हणालीस. "माणूस स्वतः सांगतो ते एक कारण. तेवढ्यावर थांबायचं नाही." मुलं लायब्ररीत पळाली. जिदहफ्सच्या आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी पुन्हा तेच दळण. बाबा तुबलीच्या गॅरेजातून आलेले, हाताचं ग्रीस काही निघत नाहीये, आणि तू कणीक मळता मळता त्यांना विचारतेयस, तुम्ही असता तर गेला असता का हो? ते म्हणायचे, बाई, त्या गोऱ्याचं खलास करा आता, भूक लागलीय. तू हसायचीस. तुला इतकं आनंदात मी नंतर कधी पाहिलं नाही.

आणि एक दिवस जेवताना तू सांगितलंस की राजीनामा दिला. बाबा इथेच राहतील, आपण दोघी साताऱ्याला. का, तर "आता ऊन सोसत नाही." बाबा खाली मान घालून जेवत राहिले. भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालणारी तू! ऊन तर आपण विमानातून उतरलो त्या दिवसापासून तेवढंच होतं. मग त्या वर्षी काय बदललं, हे तूच शिकवलेलं मी तुलाच लावते आहे, रागावू नकोस. नोकरी पक्की होती. हेडमास्तर तुला थांबवायला दोनदा घरी येऊन गेले होते. गावाकडे सगळे धडधाकट होते. बदलली होती ती फक्त माझी छाती. धुळीचा वारा सुटला की मला श्वास पुरेनासा झाला होता. मनामाचे डॉक्टर मला बाहेर बसवून तुझ्याशी एकटीशी बोलले, आणि काचेतून मला तू दिसत होतीस, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. साताऱ्यात दिवाळीपर्यंत मी डोंगर चढायला लागले.

तुझ्याकडे बी.एड. नव्हतं, म्हणून तिथल्या कुठल्याच शाळेने तुला घेतलं नाही. मग ओसरीवर दहावीच्या शिकवण्या. मुलांना का, कशासाठी, कशाचीच गरज नव्हती, त्यांना सनावळ्या पाठ करून हव्या होत्या. तू घेतल्यास करून. आतल्या खोलीत अभ्यास करताना मला तुझा तो एकसुरी आवाज ऐकू यायचा, आणि मी दार लावून घ्यायचे. बाबांना नंतर विचारलं तर म्हणाले, "तिचं तिला माहीत." मावशी म्हणाली, ऊनच गं, दुसरं काय.

आज धडा संपल्यावर एका मुलीने विचारलं, मॅम, सगळा पुरावा एकाच बाजूला असला तरी माणसं तो मानत का नाहीत? मी म्हटलं, उद्या बोलू. आई, खरं सांगू? तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तू उत्तर पाठवलं असतंस, आणि मला ते वाचावं लागलं असतं.