उकिरड्यातून निघालेल्या कपबश्या

माय, गावातल्या आपल्या घरामागचा उकिरडा कॉलेजच्या मुलांनी खणला. जुन्या घरांतली माणसं काय विकत घेत होती, हे ते फुटक्या भांड्यांवरून शोधतायत. तुझ्या निळ्या फुलांच्या कपबश्यांच्या खापऱ्या निघाल्या. त्यांच्यातल्या एका मुलीने मला इथे सुरतेला फोन करून प्रदर्शनाची पाटी वाचून दाखवली: ‘शहरात कामाला गेलेल्या कुटुंबाला मालकांकडून मिळालेली जुनी भांडी.’ मी म्हटलं, ही पाटी लागणार नाही. “पण मॅडम, इतकी भारी चिनी माती त्या वस्तीत दुसऱ्या कुठल्याच घरी सापडली नाही,” ती चाचरत म्हणाली. म्हणून ती कुणीतरी दिलेलीच असणार, असा तिचा हिशेब!

त्या घेताना मी तुझ्यासोबत होते. साड्यांचे धागे कापून मिळालेली मजुरी कमरेला खोचून तू इथल्या चौकबाजारातल्या दुकानात उभी आहेस. “बेन, स्टीलना लई जाव ने, गाममां टूटी जसे,” स्टीलचे घे, हे गावात फुटतील, असं दुकानदार समजावतोय. “टूटे तो टूटे,” म्हणत तू एकेक कप उजेडात धरतेस, टिचकी मारून कान लावतेस. दोन बद्द वाजले, ते परत करतेस. फुकट मिळालेली वस्तू अशी कोण वाजवून घेतं?

दिवाळीत गावी पोचलो तेव्हा शेठाणी आली म्हणून काकू तुला हसली, “सुरतनी शेठाणी उनी!” गावातल्या मोठ्या घरांत आपल्या लोकांसाठी बिनकानाचा कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा, पिऊन, विसळून तिथेच पालथा घालायचा. तू तो पुन्हा हातात धरला नाहीस. त्यांच्यातलाच एक जमीनदार कापूस वेचायला बाया सांगायला आपल्या दारी आला, तेव्हा तू त्याच्यापुढे नवी कपबशी ठेवलीस. “आत्ताच चहा घेतला,” तो म्हणाला. “मंग बशीत निवू द्या. आमले घाई नही,” तू म्हणालीस. चहावर साय धरली. तो तसाच उठून गेला आणि आपल्या घरातून त्याच्या शेतात कुणी गेलं नाही.

हे सगळं ऐकल्यावर पाटी बदलली. आता तिथे लिहिलंय, ‘या घरातल्या बाईने स्वतःच्या कमाईतून, पारखून घेतलेल्या कपबश्या.’ फोन ठेवता ठेवता मुलीने विचारलं, “पण निळी फुलंच का?” मी ठासून सांगितलं, निळा आमचा रंग आहे. तिने तेही लिहून घेतलं. तू आता नाहीस, तिचे हे कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, म्हणून तुला खरं सांगते: मला माहीत नाही. तुला ती नुसती आवडलीही असतील. आपल्या माणसांना तेवढं कारण पुरतं, असं म्हणायची हिंमत मला झाली नाही.