आत्या, तुझ्या नावाच्या वाटाण्याबद्दल

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखरच साष्टांग, उभं राहून तुझ्याशी बोलायची माझी लायकी उरलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? आणि माझ्या वाटाण्याच्या त्या चार ओळी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सावकाश दिलीस तरी चालेल.

मी तुला डबाभर बी दिलं होतं ना, गच्चीतल्या कुंड्यांमधलं, 'मी शोधलेली नवी जात' म्हणून? झालं असं, की सगळी झाडं साधी हिरवी आणि सहाच झाडांची पानं पिवळ्या ठिपक्यांची, कडेला चुण्या घातल्यासारखी. मला वाटलं, काय गोड. मग मी बाकीची निरोगी झाडं (हो, निरोगी. हे आता कळतंय) उपटून टाकली आणि या सहांचंच बी धरलं. ते पेरलं, त्यातली सगळ्यात ठिपकेवाली निवडली, परत पेरलं. असं तीनदा. शेंगा दर वेळी कमी लागायच्या, तर मी वहीत लिहिलं, 'दुर्मिळ'. दाण्यांची सालं तडकलेली निघाली, तर लिहिलं, 'लवकर शिजेल'. आणि जातीला तुझं नाव दिलं.

परवा जातीची नोंद करायला कृषी विद्यापीठाच्या लॅबमध्ये गेले, चांगला ड्रेस घालून. तिथल्या बाईंनी पान तपासलं आणि म्हणाल्या, "ही जात नाही, व्हायरस आहे. बियातून येतो, मग मावा ही कीड या पानावरून त्या पानावर बसत तो शेतभर नेते. शेंगा कमी धरतात, दाणा पोसत नाही. पण इतक्या मायेनं वाढवलेला मी पहिल्यांदाच बघतेय." मग विचारलं, नाव कोणाचं दिलंय? मी म्हटलं, आत्याचं. त्यावर त्यांनी नोंदीचा फॉर्म हळूच परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

तर त्या चार ओळी आजच मुळासकट काढ. झाड जागेवरच पिशवीत घाल. नुसतं हातात धरून नेलंस तर मावा वाटेत उतरत जाईल. उरलेलं बी जाळ. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पानं दाखवतेस म्हणे, ते प्लीज थांबव.

तुझी,
तोंड लपवून बसलेली भाची

ता.क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. एक डबा मी बांधापलीकडे तुझ्या जाऊबाईंनाही दिलाय. त्यांचं काढलं नाही तर तुझं काढून उपयोग नाही. जाऊन सांगशील का?

ता.क. २. तुम्ही सहा वर्षं बोलत नाही, माहीत आहे. म्हणूनच मी त्यांना सांगितलं होतं की बी तू पाठवलंयस. त्या बराच वेळ डबा हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी ते स्वतःच्या हातानं पेरलं, सगळ्यात चांगल्या वाफ्यात.