नव्या कव्हरातली जुनी बॅटरी

१० ऑगस्ट १९९८, सोमवार
आज एका पॅकचं कव्हर चुकून फाटलं. आत आणखी एक कव्हर — मळकं, ९६ सालच्या शिक्क्याचं. म्हणजे लोकांनी परत केलेल्या मोबाइलच्या बॅटऱ्या नवं कव्हर चढवून आमच्याच कारखान्यातून पुन्हा बाजारात जातात! नुसतं मीटर लावलं तर व्होल्टेज नव्यासारखं. लोड दिला, म्हणजे खरोखर वीज ओढली, की दहा मिनिटांत कोसळतं.

गुंडोअण्णांना दाखवलं. ते टेस्टिंगचे सुपरवायझर. निपाणीहून मला इथे बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याला त्यांनीच आणलं, काम शिकवलं. म्हणाले, "स्वल्प थांब. मी मालकांशी बोलतो."

११ ऑगस्ट
बरं वाटलं. अण्णा आहेत.

१४ ऑगस्ट
मला टेस्टिंगवरून काढून पॅकिंगला टाकलं. अण्णा कारण सांगेनात. डबाही वेगळा बसून खाल्ला.

२० ऑगस्ट
मालकांनी ऑफिसात बोलावलं. समोर बनशंकरीच्या एक डॉक्टरीणबाई. महिन्याभरापूर्वी घेतलेली बॅटरी. खेड्यातल्या नर्सला फोनवरून बाळंतपण सांगत होत्या. डिस्प्लेवर बॅटरी पूर्ण, आणि चार मिनिटांत फोन बंद. आई वाचली. बाळ नाही.

मालकांनी त्या लॉटचा रिपोर्ट काढला. लोड टेस्ट — पास. खाली सही 'नीलिमा'. नाव माझं, अक्षर अण्णांचं. ते अक्षर बघत तर मी काम शिकले. म्हणजे मी सांगायच्या कितीतरी आधीपासून अण्णा माझ्या नावाने सह्या करत होते!

अण्णा शेजारीच उभे होते. म्हणाले, "पोर नवीन आहे. चुकली असेल."



२१ ऑगस्ट
गेटवर गाठलं. "माझंच नाव का, अण्णा?"

"माझ्या नावावर दोन तक्रारी आधीच होत्या. तुझं काय बिघडणार? फार तर घरी जाशील."

घरी. परत आलीस तर त्याच महिन्यात लग्न लावीन, असं बाबांनी बजावलंय. अण्णांसमोरच बजावलंय.

२४ ऑगस्ट
मालकांना सगळं सांगितलं. माझे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून दोन्ही अक्षरं दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी अण्णा पिशवी घेऊन निघाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२६ ऑगस्ट
अण्णांची जागा मला मिळाली. टेबलावर नव्या लॉटचे रिपोर्ट होते. मालक म्हणाले, "लोड राहू दे. मीटर पुरे. जमत नसेल तर सांग, निपाणीची बस रोज असते."

संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या केल्या. माझ्याच हाताने.