टोपी सरकलेला पहारेकरी

४ मार्च

चि. चिमण यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर बोलायचं म्हणजे तू ओरडणार आणि मी "काय? काय?" करणार. छापखान्यातल्या यंत्राने माझे कान कधीच ठेवून घेतले. तू एवढा साहेब झालास तरी दादासाठी हाताने चार ओळी खरडतोस, याचं बरं वाटतं.

खोका आज पार्सलवाल्याच्या हवाली केला. पलंगाखाली ओल येते हे तुझं म्हणणं खरंच आहे. बांधण्याआधी एकेक अंक उघडून बघत बसलो आणि चहा दोनदा निवला. समोरचा शिंपी डोकावून म्हणाला, या वयात चित्रं बघता होय? म्हटलं, बाबा रे, या चित्रांवर मी एक अख्खा माणूस वाढवलाय.

खोटं आहे का ते? आई-वडील गेले तेव्हा तू नुकता अक्षरं गिरवत होतास आणि पुस्तक विकत आणायची आपली ऐपत नव्हती. आम्ही तेव्हा छापखान्यात पहारेकऱ्याच्या कॉमिकचे अंक छापायचो. लाल टोपीवाला, नुसत्या शिट्टीने चोर पळवणारा. रंग एकावर एक छापायचे, आणि कागद केसभर हलला की लाल रंग भलतीकडे पडायचा. चांगले अंक दुकानात जायचे. वाया गेलेले मालक मला न्यायला सांगायचे. म्हणून आपल्या घरातल्या पहारेकऱ्याची टोपी कायम डोक्याशेजारी तरंगत असायची. शाळेत एकाने धड छापलेला अंक आणला, तर तू त्याला बदडलंस. हा पहारेकरी खोटा, खऱ्याची टोपी हवेत असते, म्हणून! मास्तरांसमोर हात जोडायला मला जावं लागलं, आणि मान खाली घालून हसू दाबायला लागलं.

आता तू लिहितोस की जुन्या कॉमिकचा बाजार चढतोय, आणि दहा वर्षांनी या खोक्याच्या किमतीत एक घर येईल. येवो बापडं. बाजारात तुरी अन्... पुढचं तुला पाठ आहे. माझी अट एकच, आणि तू हो म्हणालास म्हणूनच खोका निघाला. अंक एकत्र राहू देत, आणि विकायचं मनात आलं तर आधी मला विचार. मी नाहीच म्हणेन असं नाही. पण विचार.

सूनबाईस आशीर्वाद, पिटुकलीला गोड पापा. तुझ्या मनातली आमची जागा आहे तशी राहू दे, आणखी काही मागणं नाही.

तुझा,
दादा


१७ मार्च

ती. दादास चिमणचा शि. सा. न. वि. वि.

खोका सुखरूप पोचला. दोरीला तुझ्या त्या सतरा गाठी! सोडवता सोडवता माझी नखं गेली. पिटुकली म्हणाली, बाबा, मोठे काका कॉमिक पाठवतात की वाघ?

प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पाकिटात घातला, मागे पुठ्ठा लावला. आता हात लावायचा तरी हात धुऊन. हसशील तू, पण इथे लोक पानाच्या कोपऱ्याची घडीसुद्धा भिंगातून बघतात. आणि एक गंमत ऐक. धड छापलेले अंक पुष्कळांकडे आहेत, पण रंग सरकलेले सगळे त्याच वेळी रद्दीत गेले. ते फक्त आपल्याकडे. म्हणजे तुझ्या छापखान्यात जे वाया गेलं तेच आज सगळ्यात महाग! भाव अजून चढतील असं जाणकार म्हणतात. आपल्याला घाई नाही.

एक काम होतं. तू यंत्रापाशी बाह्या सरसावून उभा आहेस तो फोटो पाठवशील का? पिटुकलीला शाळेत घरातल्या माणसांविषयी सांगायचं आहे, आणि तिला तूच हवा आहेस. आणि अंकांचं कुणाजवळ बोलू नकोस, शिंप्याजवळही नको. दिवस बरे नाहीत.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तोवर आम्हाला काही कमी नाही.

तुझा,
चिमण


३० मार्च

चि. चिमण यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो सोबत आहे. भिंतीवरून काढला तर मागे पांढरा चौकोन उमटलाय, शिंपी म्हणतो तिथे माझं चित्र लावा. पिटुकलीला सांग, मोठे काका तेव्हा दिसायला बरे होते, पण एवढ्या जवळून बघायला कुणाला सवड नव्हती. तिचं भाषण कसं झालं ते कळव. तिला सांगितलंस का, टोपी हवेत का असते ते? नसशील तर सांगू नकोस. तिचं तिला काय वाटतं ते आधी विचार.

फोटो सावकाश परत पाठव. पत्राला मात्र उशीर करू नकोस, पोस्टमन दिसला की मी उगीच जिन्यात जाऊन उभा राहतो.

तुझा,
दादा


११ जून

चि. चिमण यास आशीर्वाद. वि. वि.

अडीच महिन्यांत तुझी ओळ नाही. का नाही ते काल कळलं.

संध्याकाळी दारात एक गृहस्थ उभे. धंद्याने दंतवैद्य, बोलणं अदबीचं. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर बिचारे घसा ताणून ओरडले, तुमच्या घरातले वडीलधारे गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं! जिन्यातली सगळी दारं उघडली. मला वाटलं, यांचं दार चुकलं. मग त्यांनी पिशवीतून फोटो काढला. बाह्या सरसावलेला मी, प्लास्टिकच्या पाकिटात. खाली माझं नाव छापलेलं, आणि नावाआधी कै.

मी त्यांना आत घेतलं. काय करणार? माणूस सांत्वनाला आला होता.

लिलावात सगळे अंक त्यांनी घेतले म्हणे. एका अंकाच्या शेवटच्या पानावर लहानपणीच्या तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं आहे, हा अंक सापडल्यास दादाला परत द्यावा, आणि खाली आपला पत्ता. त्यावरून शोधत आले. घरात आणखी काही सरकलेले अंक उरलेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

चहा पिता पिता त्यांनी मला माझी गोष्ट सांगितली. धाकट्या भावाने लिलावाच्या दिवशी उभं राहून सांगितली आणि लोकांचे डोळे पाणावले म्हणे. हवेतली टोपी, शाळेतली मारामारी, मास्तरांसमोर जोडलेले हात, दाबलेलं हसू. मार्चात मी तुला लिहिलं होतं तसंच्या तसं, माझ्याच शब्दांत. आणि शेवटी म्हणे दादा यंत्रापाशीच गेले, बोटांना लाल शाई तशीच होती. फार सुंदर मरण दिलंस रे मला. मग छापखाना सुटल्यावर तुझ्या लग्नात जो नाचला तो कोण होता?

त्यांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी चुलतभाऊ.

का म्हणालो असं? माझं मलाच कळलं नाही. तुझं तोंड काळं होऊ नये म्हणून जीभ माझ्याआधी तुझ्या बाजूला धावली. इतक्या वर्षांची खोड आहे ती. शिंपी कात्री हातात घेऊन दारात आला होता, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. ते गेल्यावर विचारतो कसा, दादा, नव्या सदऱ्याचं माप घेऊ की आता राहू दे? मी हसलो. मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही.

विकलेस, तेही न विचारता, हे पोटात घालीन. पण लेकराचं नाव पुढे करून तू माझा फोटो मागितलास. मी भिंतीवरून काढून, पुसून पाठवला. चिमण, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मला एवढंच कळव. मला मरायला का लागलं?

दादा


१९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू ते कळत नाही, पण लिहितो.

घराचे हप्ते थकले होते. नोकरी जानेवारीतच गेली. तुझ्या सूनबाईला अजून माहीत नाही, मी रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि वाचनालयात बसतो. दहा वर्षांनी काय भाव येईल ते सगळे सांगतात, पण दहा वर्षं थांबायला माझ्याजवळ दहा महिनेही नव्हते.

खोका मागितला तेव्हा मनात विकायचं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. फोटो मागितला तेव्हा होतं.

दलाल म्हणाला, मालक जिवंत असला की घेणारे बिचकतात. उद्या तो आणखी खोका काढील आणि भाव पडेल, अशी त्यांना भीती. मालक गेला की संग्रह मिटला आणि भाव पक्का झाला. एक अक्षर आणि एक टिंब छापायचं होतं, दादा. तू इतक्या लांब, कुठे जात-येत नाहीस, तुला कधी कळणारही नाही असं वाटलं. शेवटच्या पानावरचा पत्ता मी स्वतः लिहिलेला, आणि मलाच आठवला नाही.

आता एक विनंती आहे, रागावू नकोस. लिलावाची अट अशी की सांगितलेलं काही खोटं निघालं तर ऑगस्टअखेरपर्यंत घेणाऱ्याला माल परत करता येतो. पैसे बँकेत भरून झालेत. ते परत द्यायचे म्हणजे घर जाईल. दंतवैद्य पुन्हा आले तर तेवढे दिवस तू चुलतभाऊच राहा. मी तुला तसं सांगितलं नव्हतं, तू आपणहून म्हणालास. म्हणजे तुझ्याही मनात मला वाचवायचंच होतं ना? ऑगस्टनंतर मी येतो आणि पाय धरतो.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
चिमण


२ जुलै

चि. चिमण यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी दंतवैद्य आले. मला बरं वाटेल म्हणून फळं घेऊन आले होते. म्हणाले, चुलतभाऊ या नात्याने दोन ओळी लिहून द्या, की वडीलधारे गेले आणि घरात आता एकही अंक नाही. पुढेमागे त्यांना विकायचं झालं तर तो कागद जोडला की भाव वाढतो. तेही याच बाजाराचे गिऱ्हाईक, चित्रांवर प्रेम आहे पण दहा वर्षांनंतरच्या भावावर जरा जास्त. टोपण काढून पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

तुझं पत्र उशाखालीच होतं. तू आपणहून म्हणालास, हे तुझं वाक्य मी इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटले तरी दिसत होतं. पहिला वार तू माझ्या पाठीमागे केलास, तो अडचणीतल्या माणसाचा होता. हा दुसरा समोरून केलास. तुझ्यासाठी बोललेलं खोटं तू माझ्याच गळ्यात बांधलंस.

तरी मी पेन टेकवलं. तुझं घर, सूनबाई, पोर, सगळं दिसत होतं. स्वतःचं नाव लिहिलं. त्याआधी कै. घालायला जागा सोडली होती, तिथे हात वळेना. म्हातारा मेल्याचं दुःख नाही रे, पण काळ सोकावतो. आज मी सही केली असती तर उद्या तू आणखी कुणाला मारलं असतंस.

मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, हा फोटोतला मीच. ते हसले. मग फोटो बघितला, मला बघितलं, आणि खाली बसले. तू अडचणीत होतास एवढं सांगितलं, बाकी तुझी बाजू घेतली नाही. ते रागावले नाहीत, पण ओतलेला चहा तसाच ठेवून उठले. अंक ते परत करणार आहेत. फोटो मात्र पाकिटातून काढून मला देऊन गेले. दारात म्हणाले, ती गोष्ट ऐकूनच मी बोली वाढवत गेलो होतो. मी म्हटलं, गोष्ट खरी आहे, फक्त शेवट भावाने लावलाय.

नोकरी गेली ते जानेवारीत मला लिहिलं असतंस ना, तर खोका बांधून मीच तुझ्यासोबत लिलावात येऊन बसलो असतो. सगळे विकले असते. टोपी हवेत का होती ते लोकांना मी स्वतः सांगितलं असतं, आणि भाव थोडा कमी आला असता तर दोघांनी मिळून चरफडलो असतो. यातलं काही तुला सुचलंच नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी मेलो तरच कामाला येईन असं तुला वाटलं.

आता सूनबाईला आजच्या आज सगळं सांग. डबा घेऊन बाहेर पडायचं नाटक बंद कर. घर गेलं तर इथे दोन खोल्या आहेत. बाहेरची मी घेईन, आतली तुम्हा तिघांना. ओल आहे, पण डोक्यावर छप्पर आहे. शिंप्याला हिशेब ठेवणारा माणूस हवाय, मी अजून शब्द टाकलेला नाही. तू आल्यावर तुझं तूच बोल. परत आलेले अंक बँकेला दाखव, खऱ्या किमतीला विक, जे येईल ते भर. मला त्यातलं एक पानही नको. मी ते आता उघडू शकणार नाही.

मायेबद्दल लिहिलं आहेस. ती आटत नाही, मी करून बघितलं. ती काही माझ्या हुकमातली नाही, त्यामुळे ती मागूही नकोस आणि तिच्यावर भिस्तही ठेवू नकोस. तुझ्या शब्दावर माझा भरवसा होता, तो मात्र तू विकलास, आणि तो डॉक्टर परत पाठवू शकत नाहीत. इथे येशील तेव्हा मी जेवायला वाढीन, तुझ्या लेकीशी खेळेन, आणि तू काही सांगितलंस की दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेईन. तुला ते सोसावं लागेल. मलाही.

उत्तर लिहू नकोस. या.

तुझा दादा,
हयात